सरकून जागा

"आणखी काय द्यायचं राहिलंय बाबा? तुम्हीच सांगा."

मकरंद घोलप मठाच्या पायरीवर बसला. परदेशी कंपन्यांना जिल्ह्यात आणायचं, हे त्याचं सरकारी काम. लहानपणी तो याच टेकडीवर रामगीरबाबांपाशी वाढला होता.

बाबा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जमीन फुकट दिली. वीज अर्ध्या दरात. कर माफ. तरी येतात, बघतात, चहा पितात आणि दुसऱ्या देशात जातात. एक कंपनी आली होती. सवलत संपली आणि ती यंत्रं उचलून गेली. तिच्या जागेवर आता बाभळी आहेत."

"त्या तरी न बोलावता आल्या," सोनाबाई चुलीजवळून म्हणाली. मठाचा स्वयंपाक तिच्याकडे होता.

मकरंद हसला नाही. हसण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं.

"उद्या कोरियाच्या कंपनीची माणसं येतायत. पोरं शिकून घरी बसलीत, बाबा. रस्त्यात गाठतात मला. काय सांगू त्यांना?... तेवढा टेकडीचा झरा त्यांना द्या. सगळा. तुम्ही हो म्हणालात की खालच्या वाड्या काही बोलणार नाहीत."

बाबांनी शेंगा बाजूला सारल्या.

"जेवलास?"

"सकाळपासून नाही."

सोनाबाईने ताट मांडलं. बाबांनी टोपली ओढली आणि होत्या तेवढ्या भाकऱ्या त्याच्या ताटात ठेवल्या. वर पिठल्याची कढई उपडी केली.

"अहो! मग मी काय चूल चाटू?"

"खा," बाबा मकरंदला म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मला नको."

"सोनाबाईंना?"

"तिलाही नको."

"हवंय की!" सोनाबाई म्हणाली.

बाबांनी खांद्यावरचं कांबळं काढून त्याच्या मांडीवर टाकलं.

"हेही घे. माठ गाडीत ठेवू का?"

मकरंदच्या हातात घास तसाच राहिला. तो रिकाम्या टोपलीकडे बघत होता. मग बाबांच्या उघड्या, हडकुळ्या खांद्यांकडे.

"मी निघतो, बाबा... उशीर झालाय."

"का रे? फुकट होतं."

मकरंदने घास ताटात ठेवला. तो उठला, पण त्याचं पाऊल पुढे पडेना.

बाबांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. भाकऱ्या पुन्हा टोपलीत ठेवल्या. एक सोनाबाईला दिली, एक त्याला, एक स्वतः घेतली. पिठलंही तिघांत वाटलं.

या मठाची एक रीत होती. यजमानाने पहिला घास घेतल्याशिवाय पाहुणा घास तोंडात घालत नसे. लहानपणी तो पहिला घास कितीदा मकरंदनेच खाल्ला होता, पाहुण्यांच्या समोर, ऐटीत.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. दात थोडेच उरले होते. हळूहळू चावत राहिले.

मग मकरंद जेवू लागला. खाली मान घालून, भराभर. दुसरी भाकरी त्याने मागून घेतली.

"आता कसा माणसात आलास," सोनाबाई म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात कांदा ठेवला.

खाली रिकाम्या भूखंडांवर ऊन उतरत होतं. झऱ्यावर वाडीतल्या बायका घागरी भरत होत्या. त्यांचं बोलणं वरपर्यंत येत होतं. मकरंद ते ऐकत बसला.

"बाबा..."

"हं."

"उद्या त्या माणसांना काय सांगू?... झऱ्याचं?"

बाबांनी तोंडातला घास संपवला. लोटीतलं पाणी प्यायले आणि लोटी त्याच्या पुढे केली.

"म्हणावं, आम्ही जेवायला बसलोय... या. सरकून जागा करतो."