खिंडीत अडलेली हाक

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात निरोप शिंगावरून जात. एका टेकडीवर शिंग फुंकलं की पुढच्या टेकडीवरचा शिंगवाला ते ऐकून पुढे फुंकत असे. जन्म, मरण, पूर, वाघ, प्रत्येकाची फुंक वेगळी, आणि ती पोराटोरांनाही कळे.

आधी शिंगवाले पुष्कळ होते. होता होता दोनच घराणी उरली, एक पूर्वेचं आणि एक पश्चिमेचं. ती एकमेकांच्या मुलखात शिंगं मांडून दर पाडू लागली, तेव्हा लोकांची चंगळ झाली. घराण्यांना ती कशी सोसावी? दोघंही राजाकडे रडत गेली. राजाने दरांवर नजर ठेवायला एक अधिकारी नेमला. त्याने दोन्ही घरचा पाहुणचार घेतला आणि न्याय दिला की, पूर्वेच्याने पूर्वेला फुंकावं, पश्चिमेच्याने पश्चिमेला. मधली खिंड ओलांडणाऱ्या हाकेला दोन्हीकडे दाम पडेल, आणि पलीकडचा दाम हाती पडल्यावाचून हाक पुढे जाणार नाही. भांडण मिटलं आणि दर दुप्पट झाले. गोष्टीतलं माकड दोन मांजरांचं लोणी खातं. इथल्या माकडाने लोकांचं लोणी दोन बोक्यांना वाटलं.

खिंडीच्या पश्चिमेला, तीन टेकड्या खाली, एक म्हातारी सुईण राहत असे. खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिची एकुलती एक लेक खिंडीपलीकडे दिलेली होती. लेकीची पहिलीच खेप, बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या, आणि मूल आडवं होतं.

जावयाने दाम मोजून शिंग फुंकवलं. हाक बघता बघता खिंडीत पोहोचली. तिथे दोन्ही घराण्यांचे शिंगवाले एकाच झाडाखाली पाठीला पाठ लावून बसत. पश्चिमेच्याने हाक स्पष्ट ऐकली आणि शिंग मांडीवरून उचललं नाही. पलीकडचा दाम आला नव्हता. तसा निरोप मागे फिरला. जावई दाम घेऊन धापा टाकत खिंडीत आला, तोवर सूर्य माथ्यावर आला होता.

सकाळी हाक मिळती, तर म्हातारी दुपारी पोहोचती. ती पोहोचली दिवस कलल्यावर. लेक वाचली. मूल गेलं.

परतताना म्हातारी खिंडीत थांबली. पश्चिमेचा शिंगवाला तिच्याच हातावर जन्मलेला. सकाळी हाक ऐकली होतीस का, एवढंच तिने त्याला विचारलं.

"ऐकली, मावशी," तो मान खाली घालून म्हणाला. "ऐकायला मनाई नाही. फुंकायला आहे."

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी न जाता तीन दिवस चालून तिने राजधानी गाठली आणि भर दरबारात सगळं सांगितलं.

राजाने अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी जराही डगमगला नाही. झालं ते वाईट झालं, पण एकंदरीत प्रजा सुखी आहे, तो म्हणाला. बारा वर्षांत घराण्यांविरुद्ध एकही तक्रार आलेली नाही. आणि तक्रारीची सोय तर अशी चोख, की कुणाला राजधानीपर्यंत पायपीट करायला नको.

"मग ती करायची कशी?" म्हातारीने विचारलं.

"गावच्या शिंगावरून."

"म्हणजे त्यांचीच तक्रार, त्यांच्याच शिंगातून, त्यांनाच दाम देऊन," म्हातारी म्हणाली. "महाराज, इथे तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता, आणि तुम्ही म्हणत होता, घरात कशी शांतता आहे."

त्याच दिवशी राजाने फर्मान काढलं की, ऐकलेली हाक आधी पुढे जाईल, दामाचं घराण्यांनी मागाहून आपसात पाहावं. कुणीही कुठल्याही टेकडीवर शिंग मांडावं. आणि अधिकाऱ्याने गावोगाव पायी फिरून लोकांच्या तोंडून तक्रारी ऐकाव्यात.

अधिकारी पहिल्यांदा गेला तो खिंडीपलीकडच्या त्याच गावात. म्हातारीची लेक ओट्यावर बसली होती. काही तक्रार आहे का, त्याने विचारलं.

"होती," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच हातून ते मागवणाऱ्या राजाला नेहमी शांतताच ऐकू येते.