ढगाखालची टेकडी

फार फार मागे, समुद्र जिथे उंच कड्यांच्या फटीतून कोसभर आत शिरला होता, तिथे एक होता नागू, एक होती त्याची बायको तुळसा आणि एक होती त्यांची लेक चिमी. पाण्याच्या काठाला एक टेकडी होती, इवलीशी. कड्यांच्या वहाणेतून पडलेला खडा म्हणा ना. त्या टेकडीवर यांचं खोपट.

त्या घराचं काम पिढ्यान्‌पिढ्या एकच, पाण्यावर नजर ठेवायची. बांगडा मासळीची झुंड आत शिरली की पाणी काळपट होतं. ते दिसलं की तुळसानं लाल लुगडं हलवायचं, होड्यांनी जाळी टाकायची, आणि प्रत्येक होडीनं तिच्या दारात एक टोपली मासळी ठेवायची. त्यावर घर चालायचं.

पुढे तिथे नवा सरदार आला. त्याला टेकडीवर महाल बांधायचा होता. तो तुळसाला म्हणाला, "खाली उतर. पाणी बघायला मी समोरच्या कड्यावर माणूस बसवलाय. तुझ्या दसपट उंच."

"उंचावर ढग बसतात, सरकार," तुळसा म्हणाली. "आम्ही ढगाखाली आहोत. नाही उतरणार."

सरदार हसला. नागूला मात्र घाम फुटला. मोठ्या माणसाशी वैर नको, उतरून जाऊ, असं तो रात्रंदिवस सांगू लागला.

तुळसा म्हणाली, "तुम्हांला जायचं तर जावा. चूल मात्र इथंच राहील."

नागू राहिला. भित्रा होता बिचारा, पण सोडून जाणारा नव्हता.

सरदारानं दवंडी पिटली, टेकडीकडे जो बघेल त्याची होडी जप्त. टोपल्या बंद झाल्या. घरात शिंपल्या उकडून खायची पाळी आली. तरी तुळसा रोज पाण्याकडे तोंड करून बसायची. चिमीनं विचारलं, आता कुणासाठी बघतेस?

"त्यांनी टोपली बंद केली," तुळसा म्हणाली, "माझे डोळे नाही."

तिकडे कड्यावरच्या माणसाला ढगात स्वतःचा हात दिसेना. पण सरदाराला सांगणार कोण? मासळी नाही, मासळी नाही, एवढंच तो खाली कळवी. होड्या रिकाम्या परतू लागल्या, गावातली पोरं उपाशी झोपू लागली.

अशात एका सकाळी पाणी काळवंडलं. तुळसा उठली आणि तिनं लुगडं हलवलं. होड्यांतली माणसं माना खाली घालून बसली. काठावर सरदार उभा होता ना!

भिवा तांडेल त्यांतला जाणता. त्यानं मान वर केली, नीट टेकडीकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सरदाराला म्हणाला, "न्या होडी खुशाल. रिकामी ठेवून तरी काय करू?"

त्यानं जाळं टाकलं. मग दुसऱ्यानं टाकलं, मग सगळ्यांनी. सगळ्यांच्या होड्या ओढून न्यायला माणसं कुठली आणायची? पोरं त्यांचीही उपाशी होती, म्हणून सरदाराचेच शिपाई जाळी ओढायला पाण्यात उतरले होते.

सरदार बोचकं बांधून गेला तो गेलाच. टेकडी तुळसाच्या घराची, असं गावानं ठरवलं. त्या सांजेला खोपटात इतक्या टोपल्या आल्या की नागूला झोपायला अंगणात जावं लागलं. आणि त्या घरातली चूल पुढे कधी थंड पडली नाही.

तर बाळांनो, हुकूम उंचावरून आला म्हणून आपली जागा सोडू नये.