थर्मासचं झाकण

“आणि राखेनं?” माईंनी विचारलं.

“घासलं.”

“चिंचेनं?”

“तेही झालं. लिंबू झालं, व्हिनेगर झालं, वाळू झाली... काठीला तारेची घासणी बांधून आतून खरवडलं, माई. डाग काही जात नाही.”

गावंडे सरांनी स्टीलचा थर्मास माईंच्या पुढ्यात ठेवला. बाहेरून लख्ख. आत मात्र तळापासून गळ्यापर्यंत कॉफीचा काळपट थर चढलेला.

मी चुलीपाशी होते. चिखलदऱ्याला माईंच्या मठीत स्वयंपाक माझ्याकडे असतो, आणि ओसरीवरचं बोलणं चुलीपर्यंत येतं. मी काही मुद्दाम कान देत नाही. बरं, देते.

गावंडे सर म्हणजे परतवाड्याचे गणिताचे मास्तर, माईंचे जुने शिष्य. दर सोमवारी घाट चढून यायचे. माई कधी काय म्हणाल्या ते सगळं त्यांना तोंडपाठ. दुसऱ्या कोणी शब्द इकडचा तिकडे केला की मधेच तोडून दुरुस्त करायचे. एकदा तर माईंनाच दुरुस्त केलं. माई हसल्या, माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पण त्या सकाळी माणसाच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

“सोडा टाकून बघितलास?”

“बघितला. खायचा सोडा, कढत पाणी.”

“मग?”

“फरक नाही.”

“किती वेळ ठेवलंस?”

“ठेवलं की... मधूनमधून बघत होतो.”

“बघून काय केलंस?”

“ओतलं. घासलं. परत भरलं.”

माईंनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली.

“सकाळच्या गाडीनं शलाका येतेय, माई. तिच्या हातात हा असा कसा देऊ?”

शलाका ही सरांची एकुलती एक लेक. तिला डॉक्टर करायचं हे सरांनी ती रांगत होती तेव्हाच ठरवलेलं. पोर प्रवेश परीक्षेला बसायची आणि मार्क कमी पडायचे. मग सर रोज रात्री स्वतः बिनदुधाची कडक कॉफी करून, थर्मास भरून तिच्या टेबलावर ठेवायचे. सकाळी झाकण उघडून बघायचे. कॉफी संपली, म्हणजे पोर जागली. उरली, म्हणजे झोपली. आणि झोपली असेल, तर दिवसभर घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत.

गेल्या वर्षी एका पहाटे ती घर सोडून गेली. नागपूरला एका रोपवाटिकेत कामाला आहे, एवढंच कळलं होतं. बापाचा फोन ती उचलत नव्हती. माईंचा उचलला.

“हा डाग कुठल्या कॉफीचा?” माईंनी विचारलं.

सरांनी थर्मास जरा बाजूला सरकवला.

“मधुसूदन...”

“त्या रात्रीची. भरलेला तसाच टेबलावर होता. तिनं घोटभरसुद्धा घेतली नव्हती. मी झाकण घट्ट लावलं आणि फडताळात ठेवून दिला.”

“ओतून काहून नाही टाकलीस?”

“वाटलं, येईल. संध्याकाळपर्यंत येईल. मग वाटलं, दिवाळीला येईल. मग... मग उघडायचीच भीती वाटायला लागली.”

आवाज फाटला त्यांचा. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल वाईट वाटलं.

“ऐक,” माई म्हणाल्या. “ती दुपारच्या गाडीनं परत जाणार आहे. त्यानंतर आज दुसरी गाडी नाही. आणि तिनं मला बजावलंय, बाबा तपासायला लागले, की मी उठणार. पुन्हा बोलवू नका, येणार नाही.”

“तपासायला?” सर म्हणाले. “मी कशाला काही तपासेन?”

आणि थर्मासमध्ये डोकावले.

माईंनी मला पाणी तापवायला सांगितलं. थर्मासमध्ये सोडा टाकला, पाणी ओतलं आणि तो ओसरीच्या खांबाशी उभा करून ठेवला.

“राहू दे इथं. झाकण लावू नकोस. हात लावू नकोस.”

“किती वेळ?”

माई आत गेल्या.

सर बसले. रस्त्याकडे बघितलं. घाटात धुकं दाटलेलं. मला म्हणाले, “गाडी अडकली नसेल ना हो?” मी म्हटलं, “नाही हो सर, ड्रायव्हर रोजचा आहे.” पुन्हा रस्त्याकडे बघितलं. थर्मासकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला. वाकून आत बघितलं. मग मला ऐकू येईल अशा बेतानं पुटपुटले, “जरा हलवलं, तर लवकर निघेल...”

मी ओरडले, “अहो सर, झाकण...!”

तोवर झाकण फिरवून गच्च बसवलं होतं, आणि दोन्ही हातांनी थर्मास गदागदा हलवणं चालू होतं.

फाट्कन आवाज झाला. झाकण उडून वर कौलाला लागलं. सोड्याचं पाणी सरांच्या नव्या शर्टावर, चष्म्यावर, भिंतीवर. नशीब, पाणी तोवर कोमट झालं होतं. झाकण गडगडत अंगणात गेलं.

माई बाहेर आल्या. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी स्वतःच पुन्हा सोडा टाकला, पाणी भरलं, थर्मास खांबाशी ठेवला. अंगणातून झाकण उचलून आणलं, पदरानं पुसलं आणि सरांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली.

“हे तू सांभाळ.”

“नुसतं झाकण?”

“तेवढं जमलं तरी पुष्कळ झालं.”

तेवढ्यात खाली वळणावर हॉर्न वाजला.

शलाका आली. केस मानेपर्यंत कापलेले, नखांत माती, खांद्याला एक पिशवी. माईंच्या पाया पडली आणि पायरीवर बसली. आत ओसरीवर नाही, पायरीवर. चपला काढल्याच नाहीत.

“शर्ट कशानं भिजला?”

“असंच.”

तिची नजर खांबाशी गेली. “हा अजून आहे?”

“आहे.”

...

सरांचं तोंड उघडलं. मला माहीत होतं आता काय काय बाहेर पडणार. पगार किती, राहतेस कुठं, सोबत कोण, केसांचं हे काय करून घेतलंस. माझ्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं, भाकरी करपली. सरांची मूठ झाकणावर आवळली.

तोंड मिटलं.

मी पिठलं-भाकरी वाढली. शलाका जेवली. कोणी काही विचारेना. माईंनी दोनदा मिरचीचा ठेचा मागितला, तेवढाच आवाज.

जेवण झाल्यावर पोर आपणहून बोलायला लागली. माईंकडे बघून, पण बोलत होती. रोपवाटिकेच्या मालकांना कमी ऐकू येतं, त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं. गोगलगायींनी झेंडूची वाट लावली. यंदा तिनं स्वतः पेरूची कलमं बांधली.

“तेरा ओळी लावल्यात, माई. ओळीला सोळा. म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव कलमं.”

सरांच्या कपाळावरची शीर उडायला लागली, तेव्हा मला कळलं की हिशेब चुकलाय.

शलाका बोलायची थांबली. आता ती माईंकडे नाही, बापाकडे बघत होती. डोळ्याला डोळा भिडवून.

अगं बाई, मी मनात म्हटलं. गेलं सगळं.

सरांनी मुठीतलं झाकण फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“बरीच झाली की,” ते म्हणाले.

...

ऊन अंगणातून सरकत पायरीपर्यंत आलं. शलाकाची पिशवी तिच्या मांडीवरच होती. थर्मास खांबाशी उभा होता, तोंड उघडं ठेवून. सर त्याच्याकडे बघायचे, हात अर्ध्यावर न्यायचे आणि मागे घ्यायचे.

मग दुपारच्या गाडीचा हॉर्न वाजला.

सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळे गच्च मिटले आणि झाकण मुठीत धरूनच दोन्ही हातांनी कान दाबून घेतले. एवढा मोठा मास्तर, अख्खा परतवाडा ज्याला घाबरतो तो, छडीच्या भीतीनं बसलेल्या पोरासारखा बसला होता. शलाका त्यांच्या पाठीकडे बघत होती. तिचा हात पिशवीच्या पट्ट्यावर होता.

गाडी थांबली. कंडक्टरनं कुणाला तरी हाक मारली.

मी पायरीकडे बघितलं. शलाका चपला काढत होती. मग वळले आणि चुलीवर कॉफीचं आधण ठेवलं. चौघांचं.

बऱ्याच वेळानं सरांनी कानांवरचे हात काढले. डोळे मिटलेलेच. मागे वळायची छाती होईना.

“माई...” ते कसंबसं म्हणाले, “आता बघू का? निघाला असेल का?”

माईंनी थर्मासकडे पाहिलंसुद्धा नाही.

“गाडी गेली, मधुसूदन.”