चिमणीचं दार

मंजिरीताई केळुसकरांनी मुलांच्या जुन्या गोष्टी घेऊन एक संगीत नाटक बसवलं, आणि बसवताना एकही गोष्ट जागेवर ठेवली नाही. भिजलेल्या कावळ्यानं दार वाजवलं, की त्यांची चिमणी पहिल्याच हाकेला दार उघडायची आणि गात गात त्याला टॉवेल द्यायची.

नाट्यगृहाचे अध्यक्ष तात्यासाहेब मिरीकर तालीम बघायला आले आणि त्यांचं डोकंच फिरलं. "चिमणी आधी बाळाला अंघोळ घालते, तीट लावते. तोवर कावळा बाहेर ताटकळतो. जुन्या गोष्टीला हात लावलात तर प्रयोग रद्द."

"बरं, तुमच्या मनासारखं होईल," ताई म्हणाल्या.

प्रयोगाच्या संध्याकाळी तिसरी घंटा झाली आणि नियमाप्रमाणे दारं बंद झाली. तात्यासाहेब नेहमीसारखे त्यानंतर आले. पाऊस सुरू झाला होता आणि छत्री गाडीत राहिली होती. त्यांनी दार वाजवलं.

"थांबा, बाळाला अंघोळ घालतेय," आतून ताईंचा आवाज आला.

"अहो, मी मिरीकर. भिजतोय इथे."

"थांबा, बाळाला तीट लावतेय."

"काय पोरखेळ लावलाय? दार उघडा."

"तात्यासाहेब, तुमच्या गोष्टीत दार इतक्यात उघडत नाही. आमच्या गोष्टीत लगेच उघडतं. आज कुठली करायची?"

बाहेर पावसात कुणीतरी घसा खाकरला.

"तुमचीच करा."

दार उघडलं. ताई टॉवेल घेऊनच उभ्या होत्या.