वेळशेतच्या सागराईची अपुरी तारवं

देवीला नमस्कार झाला ना? आता मान वर करा. तुळयांना टांगलेली दिसतात ती तारवं. काही धुरानं काळी पडलीत, काही अजून लाकडाच्या रंगाची आहेत. शहरातून येणारे आधी हेच विचारतात, विकत मिळतात का. नाही मिळत. ती खेळण्यातली नव्हेत. एक हातात घेऊन बघा. कोरून काढलेलं यात एकही नाही. मोठ्या गलबताला खाली कणा असतो, कण्यावर बरगड्या, बरगड्यांवर फळी फळी जोडत आणलेली कूस, तसंच यांचं. डोलकाठी आहे, शीड आहे, दोर आहेत. आत बघाल तर चूलसुद्धा आहे.

आणि आता डाव्या कुशीला बघा, काठाच्या जरा खाली. तिथं एक फळी नाही. लोकांना वाटतं उंदरानं कुरतडली. तसं नाही, ती बसवलेलीच नाही. वेळशेतात कुणी बसवत नाही. का, ते माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. बसा पायरीवर, सांगते.

फार मागे या खाडीच्या काठाला राहत होता अंबाजी मेस्त्री आणि राहत होती त्याची बायको द्वारकी. पदरी दोन लेकी. मेस्त्री तारवं बांधायचा. त्याचा हात असा की वाकस, म्हणजे लाकूड तासायचं ते हत्यार, एकदा फिरवला की परत फिरवायला नको. जिभेनं मात्र तापट, आणि आपलं चुकतं हे त्याच्या ध्यानीमनी नसायचं. द्वारकी बोलायला गोड आणि डोक्यानं त्याच्या दोन पावलं पुढे, असं सांगतात.

गावात लखमा तांडेल होता. तांडेल म्हणजे तारवावरचा कारभारी. त्यानं मेस्त्रीला तारू सांगितलं, आणि सांगताना म्हणाला, "मेस्त्री, नाक बारीक ठेवा. बंदरात सगळ्यांच्या आधी माझं लागलं पाहिजे." मेस्त्रीला अशी ईर्षा आवडायची. त्यानं पुढचा भाग असा निमुळता केला की बघणाऱ्यानं बघत राहावं. तारू पाण्यात उतरलं आणि रिकामं असताना बगळ्यासारखं गेलं.

परत येताना ते मिठानं भरलेलं होतं. सारं गाव किनाऱ्यावर बघायला उभं होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथं लाटा फुटतात. त्या दांड्यावर तारवानं नाक खाली घातलं ते वर काढलंच नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. द्वारकी तिथंच वाळूत गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "सागराई, माणसं तेवढी आण. तुला तारू वाहीन."

माणसं आली. पोहत, खोकत, एकमेकांना धरून, पण झाडून सगळी आली. मीठ समुद्रातलं होतं, समुद्रात गेलं.

पण त्या दिवसापासून मेस्त्रीकडे कुणी फिरकेना. कुणी म्हणे लाकूड कच्चं होतं, कुणी म्हणे मुहूर्त चुकला. लखमा तर उघड सांगायचा, "त्याच्या हातच्या पाटावरसुद्धा बसणार नाही मी." खाडीकाठच्या ज्या मांडवात वर्षानुवर्षं तारवं उभी राहायची, तिथं शेळ्या बसू लागल्या. सुतारकीची बारीकसारीक कामंही दुसऱ्या गावाला जाऊ लागली. मेस्त्री दिवसभर ओटीवर बसून एकच बोलायचा, "माझ्या तारवात खोट नव्हती." दोघी लेकी लग्नाच्या झालेल्या, आणि बापाच्या हाताला काम नाही. आणि डोक्यावर देवीचा नवस.

एकदा मेस्त्री चिडून म्हणाला, "तारू वाहीन म्हणालीस. गो, आणायचं कुठून तारू? एक दार करायला लाकूड नाही घरात."

द्वारकी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तारू वाहीन म्हटलं मी. केवढं, ते कुठं म्हटलंय?"

 मेस्त्री उठला, पांगाऱ्याचा एक ओंडका घेतला आणि कोरायला बसला. दुपारपर्यंत तारवाचा आकार आला. त्यानं तो बायकोपुढे ठेवला. तिनं उचलून उलटसुलट केला.

"हे काय?"

"तारू."

"हे लाकूड आहे. यात माणसं बसायची कुठं? भात कुठं शिजवायचा? माणसं परत आणली देवीनं, पोट नसलेलं तारू तिला देऊ?"

तेव्हा मेस्त्रीच्या मनानं घेतलं. म्हणाला, करतो तर खरं तारू करतो. बुडालं तेच करतो, तसंच्या तसं, म्हणजे खोट नव्हती हे सगळ्यांना दिसेल. बुडालेल्या तारवाच्या फळ्या वाहून किनाऱ्याला लागल्या होत्या. त्या त्यानं गोळा केल्या, वाळवल्या आणि त्यातून बोटाएवढ्या फळ्या काढल्या. मोठ्याला जिथं हातभर माप धरलं होतं तिथं याला बोटभर धरलं. कणा घातला, बरगड्या उभ्या केल्या. एवढ्याशा फळीला खिळा लावला तर ती फुटे, म्हणून करवंदीचे काटे सुकवून ते ठोकले. सांध्यात कापूस भरून वर राळ ओतली. डोलकाठी पोफळीच्या कामटीची केली. द्वारकीनं जुन्या लुगड्याच्या पदराचं शीड शिवलं, मांडीवर काथ्या वळून दोर केले. लेकींनी मासे धरायच्या गळाचा नांगर बांधला.

गावाला करमणूक झाली. येणारे जाणारे कुंपणाशी थांबत. "मेस्त्री, यावर तांडेल कोण? झिंगा ठेवा एखादा." दुसरा म्हणे, "खलाशी आमच्या घरचे न्या, झुरळं पुष्कळ आहेत." मेस्त्री एरवी वाकस घेऊन धावला असता. पण तोंडात काटे धरलेले, बोलणार कसा? आणि कामात जीव रमला होता. कितीतरी दिवसांनी त्या घरात तासायचा आवाज घुमत होता, आणि द्वारकी म्हणे नुसत्या त्या आवाजानं दोन घास जास्त जेवायची.

जत्रेच्या दिवशी तारू वाहायचं ठरलं. सगळं झालं, एक चूल तेवढी राहिली. द्वारकीनं चिंचोक्याएवढी चूल मातीची केली होती, ती वाळताना तडकली. दुसरी आत ठेवायला हात जावा म्हणून मेस्त्रीनं डाव्या कुशीची वरची फळी मोकळी ठेवली होती. जत्रेची सकाळ उजाडली तरी दुसरी चूल ओलीच. द्वारकी म्हणाली, "असंच चला. संध्याकाळी चूल ठेवू आणि फळी मारू."

देवळापुढच्या या तळीत तारू सोडलं. तरंगलं, आणि काय देखणं तरंगलं. वाऱ्यानं शीड भरलं, तसं या पायरीपासून त्या पायरीला गेलं. धोंडू गुरवानं गाऱ्हाणं घालून नारळ फोडला. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. मेस्त्रीनं चौफेर बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "तेच तारू आहे हे. कुठं खोट आहे, दाखवा."

लखमा तांडेल गर्दीत होता. तो म्हणाला, "रिकामं सूपही तरंगतं, मेस्त्री. भरून दाखवा."

मेस्त्रीनं मूठ मूठ वाळू भरली, मोठ्यात मीठ भरलं होतं त्याच बेतानं. लखमानं वल्हं घेऊन पाणी ढवळलं. लाट आली. तारवानं नाक खाली घातलं, आणि सगळ्या गावासमोर तळाला गेलं. डाव्या फटीतून पाणी शिरलं म्हणावं, तर तेही नाही. ते नाकावरूनच आत आलं, हे शेंबड्या पोरानंही पाहिलं.

लोक हसले. लखमा हसला नाही. मेस्त्री तळीत उतरला, तारू काढलं, वाळू झाडली, पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पुन्हा नाक खाली. तिसऱ्या खेपेला तर तो पाण्यात पोटापर्यंत उभा राहून डोळे तारवाच्या पातळीला आणून बघत होता. हसणारे एकेक करून काठाशी वाकून बघू लागले.

द्वारकी काठावरून म्हणाली, "गाल बसलेत त्याचे. उपाशी माणसाचे बसतात तसे."

मेस्त्रीनं तारवाच्या नाकावरून दोन्हीकडे बोटं फिरवली. मग, जन्मात पहिल्यांदा असं म्हणतात, तो म्हणाला, "चुकलं माझं. पुढं भार धरायला अंगच ठेवलं नाही मी त्याला."

लखमाही पायरी उतरून खाली आला. "नाक बारीक करा, हे मीच म्हटलं होतं," तो म्हणाला. एवढंच बोलला, पण सगळ्यांनी ऐकलं.

मेस्त्रीला तारू तिथल्या तिथं घरी न्यायचं होतं. पुढच्या बरगड्या काढायच्या, रुंद घालायच्या, मग कळेल. पण गुरव आडवा आला. "नारळ फुटला. तारू देवीचं झालं. वाहिलेल्याला वाकस लागायचा नाही."

मेस्त्रीचं तोंड उतरलं. एवढं हाताशी आलेलं जाणार होतं. दुसरं बांधायला त्या तारवाच्या फळ्याही उरल्या नव्हत्या.

द्वारकी पुढं झाली. "गुरवबाबा, अर्धा शिजलेला भात देवीपुढं ठेवता का?"

"छे गो, भलतंच काय."

"मग हे कसं घेतलंत? ही फट बघा. हिची फळी घरी कोनाड्यात आहे. चूलही व्हायची आहे. पुरं होईल तेव्हा देवीचं. तोवर मेस्त्रीचं."

 गुरवानं देवीला कौल लावला. ओली फुलं मूर्तीला चिकटवली आणि सगळी माणसं बघत राहिली. फूल पडलं ते उजवीकडून पडलं. गुरव म्हणाला, "न्या बाबा. तिलाच पटलंय तर मी कोण."

मेस्त्रीनं पुढचं सगळं उसवलं. नव्या बरगड्या घातल्या, तारवाचे गाल भरले. पुन्हा तळीत सोडलं, पहिल्याइतकीच वाळू भरली. लखमा वल्हं मारून मारून दमला. लाट यायची आणि तारू नाक वर करून तिच्यावर चढायचं. शेवटी लखमानं वल्हं टाकलं आणि म्हणाला, "मेस्त्री, हेच मोठं करून द्या. लाकूड माझं." मेस्त्री म्हणाला, "पण पाटावर बसणार नाही ना तुम्ही माझ्या?" लखमा म्हणाला, "पाट राहू दे. तारवात बसेन."

वाळलेली चूल आत ठेवून मेस्त्री कोनाड्यातली फळी बसवायला निघाला, तर द्वारकीनं ती काढून घेतली. "राहू दे मोकळी. उद्या आणखी काही दिसलं तर देवळातून कसं काढाल?"

गुरव म्हणाला, "अगो, मग नवस फिटला नाही असं होईल."

ती म्हणाली, "नाही तर नाही. देवीशी येणंजाणं राहील."

तेव्हापासून वेळशेतात मोठं तारू बांधायच्या आधी त्याचं लहान बांधतात, याच तळीत भरून बघतात, आणि एक फळी मोकळी ठेवून वर टांगतात. मोठ्यात कुठं काही दुखलं तर लहान खाली काढतात, त्यात शोधतात, आणि पुन्हा टांगतात.

लखमाचं नवं तारू मिठानं भरून दांड्यावरून आत आलं तेव्हा मेस्त्री बघायला गेलाच नाही, मांडवात बसून राहिला. लोकांच्या ओरडण्यावरून त्याला कळलं. त्याच आठवड्यात पलीकडच्या बंदरातले तांडेल येऊन मांडवात बसले, शेळ्यांना उठवून. दोघी लेकींची लग्नं एकाच मांडवात झाली, त्याच मांडवात, अर्ध्या बांधलेल्या तारवाच्या सावलीत. धाकटीचा नवरा घरजावई राहिला आणि वाकस शिकला.

आजही खाडीवर जाल तर अंबाजीच्या वंशाचा मांडव दिसेल. त्यात एक तारू उभं असतं आणि दुसऱ्याचं लाकूड येऊन पडलेलं असतं. त्या घरातला वाकसाचा आवाज तेव्हापासून आजपर्यंत बंद पडलेला कुणी ऐकलेला नाही.