कासाराची नवी गाडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा बैल बोलत असत आणि माणसांना त्यांचं बोलणं समजतही असे. फक्त ते ऐकायला कोणाला सवड नव्हती.

एका राज्यात घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक कासार राहत असे. तो, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी, एवढंच घर. घरभर बांगड्यांच्या माळा टांगलेल्या असत. वारा आला की सगळं घर किणकिणायचं. पण इतक्या बांगड्यांच्या घरात एकाच माणसाचे हात मोकळे होते, आणि ते त्या मुलीचे.

त्यांच्यात रीतच तशी होती. मुलीच्या हातात काचेच्या पहिल्या बांगड्या भरायच्या त्या आईच्या आईने. आजीने नातीचा हात सकाळच्या उन्हात धरायचा, नीट निरखायचा आणि त्या हाताला कोणता रंग शोभेल ते स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचं. तोवर मुलीने थांबायचं.

आजी राहत होती घाटापलीकडे. कासारीण एकदा बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन उतारावरून पडली होती. टोपली तिने सावरली, पण गुडघा कायमचा धरला. घाट चढून जाणं तिला आता जमण्यासारखं नव्हतं.

एके दिवशी आजीने आपल्या दारातली जुनी बाभूळ तोडली, लाकूड घाटाखाली पाठवलं आणि सोबत निरोप धाडला. "जावईबापू, याची गाडी करून घ्या आणि लेकीला, नातीला घेऊन या. माझी नजर मंद होत चालली आहे. आहे तोवर या."

कासाराने लाकूड सुताराकडे नेलं. सुताराने विचारलं, "कशासाठी हवी गाडी?"

"बायकोला माहेरी न्यायला," कासार म्हणाला.

"मग सोपं आहे. बसायला मऊ जागा करतो, वर सावली करतो."

"पण बांगड्याही नेता आल्या पाहिजेत. एकही फुटता कामा नये."

"बरं."

"सुगीत पोतीही राहिली पाहिजेत. आणि रस्त्यात मुक्काम पडला तर झोपताही आलं पाहिजे. आणि बाजारात उभी केली तर तिचंच दुकान झालं पाहिजे."

सुताराने डोकं खाजवलं. "कासारदादा, गाडी बायकोची की गावाची?"

"सगळ्यांची," कासार हसून म्हणाला.

सुतार कसबी होता. त्याने खरोखर तशी गाडी केली. बसायची फळी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली, त्यामुळे चाक खड्ड्यात गेलं तरी वरच्या माणसाला नुसता झोका बसायचा. फळी आडवी टाकली की झोपायला जागा. बाजूच्या फळ्या काढल्या की पोत्यांना जागा, खाली सोडल्या की दुकान. बैठकीखाली बांगड्यांची पेटी, वर चटईचं छत. चाकं बाभळीची, आजीच्या दारातली.

गाडी दाराशी आली त्या दिवशी कासारणीने चाकांना हळद-कुंकू लावलं. मुलगी टांगलेल्या फळीवर बसून झोके घेऊ लागली. "आई, आजी मला कोणत्या बांगड्या भरेल?"

"ते तिलाच ठाऊक. तुझा हात बघूनच ती सांगेल."

"उद्या जायचं?"

"जाऊ दोन-चार दिवसांत," कासार म्हणाला. "आधी गाडी जरा हाताखाली येऊ दे."

आता कासाराचा स्वभाव सांगायला हवा. तो वाईट नव्हता. पण गावातल्या प्रत्येक घरातल्या बायका त्याच्याकडून बांगड्या भरत, म्हणून प्रत्येक घराशी गोड राहण्याची त्याला सवय जडली होती. बापाने त्याला धंदा शिकवला तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकवली होती, की कासाराने कोणत्याही दाराला नाही म्हणायचं नाही. एक दार रुसलं की त्या घरचे सगळे हात गेले.

गाडी घेऊन तो पहिल्यांदा नदीपर्यंत गेला आणि परत येऊन पारावर बसला. "वळणाला आवाज नाही हो," तो सांगू लागला. "चढाला बैलांना दम लागत नाही. आत चार माणसं ऐसपैस बसतात, मागे दोन पोती. आणि तेवढ्यात कोणाला डुलकी आली, तर बिछाना तयार."

"म्हणजे गाडीत संसारच की," एक म्हातारा म्हणाला. "आता घर कशाला ठेवलंयस? भाड्याने दे."

सगळे हसले. कासारालाही हसू आलं, आणि बरंही वाटलं. त्याच्या कोणत्याच गोष्टीबद्दल गावाने इतकं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाणी दारात आला. "पोती किती राहतात म्हणालास? बघूया तरी."

कासाराने फळ्या काढल्या. पोती राहिली. वाणी खूश झाला आणि कासार वाण्याहून खूश झाला. मग पुजारी आला. त्याला देवाची मूर्ती धक्का न लागता तळ्यावर न्यायची होती. मग वैद्यबुवा आले. त्यांना एका पाय मोडलेल्या माणसाला आडवं झोपवून न्यायचं होतं. मग गावातल्या बायका आल्या, जत्रेला जायचं म्हणून. प्रत्येक वेळी गाडीचा एक नवा गुण दिसे, आणि प्रत्येक वेळी कासार घरी येऊन बायकोला तो गुण सांगे.

"मूर्तीच्या डोक्यावरचं फूलसुद्धा पडलं नाही," तो म्हणाला.

"छान," कासारीण म्हणाली. ती अजून त्या गाडीत एकदाही बसली नव्हती.

घाटावरून कांबळी विकायला येणारा एक धनगर होता. तो आजीचे निरोप आणत असे. या वेळी त्याने निरोप आणला, "म्हातारीला माणूस ओळखू येतो, पण जवळ जावं लागतं."

"ह्या आठवड्यात निघू," कासार म्हणाला. त्या आठवड्यात वाण्याच्या मेहुण्याला सामान हलवायचं होतं.

धनगर पुन्हा आला. "रंग अजून कळतात तिला. चेहरा मात्र कळत नाही. नातीचा हात तेवढा दिसला पाहिजे म्हणते."

त्या दिवशी कासारणीने मुलीचा हात दाराच्या उन्हात धरून पाहिला. गव्हाळ, बारीक, मोकळा हात. तिलाही कासाराच्या घरातली नजर होती, पण रंग ठरवायचा अधिकार तिचा नव्हता. तिने हात सोडून दिला.

गाडी तेव्हा जत्रेला गेली होती. बैल जत्रेच्या कडेला झाडाखाली उभे होते. उजवा डाव्याला म्हणाला, "आपण घाट कधी चढणार?"

"ज्याचं काम आहे तो मागेल तेव्हा."

"तिने तर मागितलं होतं."

"तिने घरातून मागितलं. दारात येऊन मागितलं असतं, तर एव्हाना पोचलो असतो."

शेजारीच कासार उभा होता. त्याने ऐकलं आणि बैलांपुढे वैरण टाकली.

तिसऱ्यांदा धनगर आला तेव्हा तो पाणी प्यायलाही बसला नाही. "आता भराभर चाललंय," तो म्हणाला. "जास्वंद आणि पान यांतला फरक कळतो, एवढंच. जायचं तर आता जा."

कासारीण चुलीपुढून उठून आली. "उद्या निघायचं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कासाराने मान खाली घातली.

"उद्याच," तो म्हणाला. "मुलीची शपथ."

सकाळी गाडी सजली. खाली गोधडी अंथरली, दशम्या बांधून घेतल्या. मुलगी तेल लावून, वेणी घालून टांगलेल्या फळीवर जाऊन बसली. कासारीण गाडीवर चढण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवून पाय उचलत होती, इतक्यात पाटलाचा माणूस आला. मागोमाग पाटलीणबाई स्वतः आल्या.

"कासारभाऊ, लेकीची वरात आहे आज," पाटलीणबाई म्हणाल्या. "आमच्या गाडीचा कणा मोडला. सगळ्या घराला चुडे तुम्ही भरलेत, आता लेक तुमच्याच गाडीतून सासरी जाऊ दे. शोभेल. आणि हिरव्या बांगड्या असतील तेवढ्या सगळ्या द्या. पाहुण्या बायका वाढल्यात."

कासाराने बायकोकडे पाहिलं, मग पाटलीणबाईंकडे. पाटलाघरच्या हातांची त्याने मनात मोजदाद केली असेल की नाही, कोण जाणे. तोंडातून शब्द मात्र सवयीने आला. "हो, हो. न्या की."

मग तो बायकोजवळ येऊन हळूच म्हणाला, "अगं, दोनच दिवस. लग्नघर आहे. कसं नाही म्हणायचं?"

कासारणीने मुलीला फळीवरून खाली उतरवलं. गोधडी काढून घडी घातली. "तुम्ही एकदा मला नाही म्हणा," ती म्हणाली.

"तुला? तुला कशाला नाही म्हणेन?"

"म्हणा. म्हणजे मी वाट बघायचं सोडून रांगत का होईना, निघेन. तुमच्या 'हो'नेच मला इथे बसवून ठेवलंय."

कासार ओशाळवाणं हसला. त्याला ते रागाचं बोलणं वाटलं. तो बैल जुंपायला गेला.

दोन दिवसांची गाडी सहाव्या दिवशी परत आली. छताला झेंडूच्या वाळक्या माळा होत्या, चामड्याची एक पट्टी तुटली होती. कासाराने पट्टी सांधली, आणि त्या सकाळी कोणी दारात येण्याआधीच गाडी निघाली. नवरीपासून मूर्तीपर्यंत सगळे बसून झाल्यावर कासारीण आपल्या गाडीत बसली.

गाडी खरंच चांगली होती. कासार म्हणत होता त्यातलं काहीच खोटं नव्हतं. चाक दगडावरून गेलं तरी वर नुसता झोका बसे. घाटाच्या चढाला बैलांना दम लागला नाही. कासारणीचा गुडघा जरासुद्धा दुखला नाही. हे सगळं तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.

"बघ, कशी चढते," कासार पुढून म्हणाला.

तिने मुलीचा मोकळा हात आपल्या हातात घेतला.

रात्री ते वाटेत मुक्कामाला थांबले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात आजीच्या दारात पोचले. दारात बाभळीचा खुंट होता. आजी उंबऱ्यावर बसली होती. गाडी थांबली तरी तिने मान वळवली नाही. मग वळवली, ती जरा भलतीकडेच.

"कोण आलंय?"

"आई, मी," कासारीण म्हणाली.

आजी उठली. हात पुढे करून चालत आली, तो हात आधी चाकाला लागला. तिने आऱ्यांवरून बोटं फिरवली. एका गाठीपाशी ती थांबली.

"माझी बाभूळ घरी आली," ती म्हणाली. "उशीर झाला तिला."

मग तिने लेकीचा चेहरा चाचपला. नातीचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, उन्हाकडे धरला. पापण्या मिटल्या, उघडल्या.

"कशी आहे गं रंगाने?"

"गव्हाळ," कासारीण म्हणाली.

"मग हिरव्याच. पोपटी नकोत, गडद हिरव्या. परवा-परवापर्यंत मला पानं दिसत होती." ती जावयाकडे वळली, म्हणजे जिथे जावई असेल असं तिला वाटलं तिकडे. "जावईबापू, तुमच्या पेटीतल्या काढा. तुमच्याकडे काय कमी?"

कासाराने बैठकीखालची पेटी उघडली. हिरव्या बांगड्यांची जागा रिकामी होती. त्या पाटलाच्या पाहुण्यांच्या हातांत गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या कोणी न घेतलेल्या, काळपट, मातकट रंगाच्या. त्यातल्या लहान मापाच्या काढून त्याने सासूच्या हातात दिल्या.

आजीची बोटं विसरली नव्हती. तिने नातीची मूठ दाबली, अंगठा आत वळवला, आणि एकेक बांगडी अलगद चढवली. एकही फुटली नाही, एकदाही मुलीने हाय केलं नाही. भरून झाल्यावर तिने तो हात हलवून किणकिण ऐकली आणि हसली.

"हिरव्याच आहेत ना, जावईबापू?"

कासारीण नवऱ्याकडे पाहत होती. मुलगी आपल्या हाताकडे पाहत होती. मातकट बांगड्या उन्हात आणखीच मातकट दिसत होत्या. एक शब्द खरा सांगायचा होता, पण जन्मभर तो शब्द त्याच्या जिभेला लागला नव्हता.

"हो," कासार म्हणाला.

"आजी, या तर..." मुलीने तोंड उघडलं. कासारणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आजीने तिचा मोकळा हात धरून दुसरी मूठ दाबली.

परतीच्या वाटेवर कासाराने गाडीचं नाव काढलं नाही. गावात पोचल्यावर वाणी दारात उभाच होता. कासाराने त्याला 'नाही' म्हटलं. ते त्याचं पहिलं 'नाही'. पुढे त्याला ते सहज जमू लागलं. गाडी दिवसेंदिवस दाराशी रिकामी उभी असे. पण आता तिच्यातून कुठे जायचं, हे घरात कोणी बोलत नसे.

बोध एवढाच: सगळ्यांना हो म्हणणारा माणूस जे आपल्यांपासून काढून घेतो, ते मागाहून कोणत्याही गाडीत घालून परत आणता येत नाही.