खोडलेलं एक मत

"हसतात कशाला, अप्पाजी? मला एवढंच सांगा... हसतात कशाला?"

हायस्कूलचे मुख्याध्यापक तेरणीकर मास्तर मठाच्या ओसरीवर अजून टेकलेही नव्हते. हातात वही, वहीत तहसीलदारांना द्यायचं निवेदन. गावच्या टॉकीजला लागलेला पिक्चर बंद करा, अशी त्यात मागणी होती. पहिली सही त्यांना आपल्या गुरूंची, अप्पाजींची हवी होती.

अप्पाजी शेंगा सोलत होते.

"बसा."

"बसत नाही. पिक्चरमध्ये काय, तर दहावीतली चार पोरं. अभ्यास नाही, नुसता चावटपणा. आणि त्यांचे सर म्हणजे जोकर! पोरं त्यांच्या चालण्याची नक्कल करतात आणि आपला शहाणासुरता गाव खुर्च्या बडवतो!"

"तुम्ही पाहिलात?"

"तीनदा. विरोध करायचा तर पाहायला नको?"

अप्पाजींनी एक शेंग फोडली.

"खेळ सुटल्यावर दाराशी उभा राहून एकेकाला मत विचारलं. सगळं लिहून घेतलंय. गॅरेजवाला परशा म्हणतो, पैसे वसूल. पोस्टातले हेर्लेकर, रिटायर झालेला माणूस, म्हणतात, माझी शाळा आठवली. लाज कशी वाटत नाही? एक बाई तर म्हणे, उद्या सासूला घेऊन येते. सासूला!"

अप्पाजींनी वही हातात घेतली. पान उलटलं.

"हे एक खोडलंय."

"ते मत नव्हेच. आमच्या दहावीतली वैजयंती कासार. पिक्चर कसा वाटला विचारलं, तर म्हणते, 'सर, त्यातल्या मुलीला प्रश्न विचारता येतो.' हे काय उत्तर झालं? तेही तोंड वर करून! परीक्षा तोंडावर असली म्हणून काय झालं? सोमवारी दाखला देतो तिच्या हातात."

"कसला प्रश्न?"

मास्तरांचा आवाज खाली आला.

"पाळीचा. भर वर्गात. सरांना."

"मग?"

"मग काय! त्यांच्या हातातला खडू पडतो. धूम ठोकतात वर्गाबाहेर. टॉकीजमध्ये शिट्ट्याच शिट्ट्या."

"मग?"

"परत येतात... फळ्यावर आकृती काढून सांगायला लागतात."

"तेव्हाही लोक हसतात?"

मास्तरांनी वहीसाठी हात पुढे केला.

"तुम्ही तीनदा पाहिलात."

"नाही... तेव्हा कुणी हसत नाही."

अप्पाजींनी वही परत दिली.

"त्या पोरीनं तुम्हाला कधी काही विचारलं होतं?"

"असल्या पोरी..." मास्तर थांबले. खांबाला टेकून खाली बसले.

"श्रावणात एकदा. शाळेतल्या बाई रजेवर होत्या. माझ्या ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहिली. ओढणी कमरेला गुंडाळलेली. घाबरलेली होती... म्हणाली, सर, एक विचारू?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं... घरी जा."

अप्पाजी उठले. मांडीवरची टरफलं झटकली. रस्त्याकडे बघितलं.

"घरी जा म्हटल्याला पाच महिने झाले, मास्तर. पोरगी अजून वाटेतच आहे."